सराव कशाचा? व्यवस्थापन प्रवेशपरीक्षांच्या नमुना प्रश्नांचा आढावा

बुरोंडी हे दापोली तालुक्यातले मासेमारीचे आणि आंबा-काजूचे गाव. इथली एखादी मुलगी दापोलीच्या महाविद्यालयातून बी.कॉम. होते किंवा कृषी विद्यापीठातून पदवी घेते आणि एमबीए करायचे मनावर घेते. संस्था कोणती निवडायची हा विचार तिला पुढे करावाच लागतो, पण तयारीला बसल्यावर आधी उभे राहतात ते वेगळेच प्रश्न. नमुना प्रश्न कुठून आणायचे? किती सोडवायचे? कोणाच्या मॉकवर भरवसा ठेवायचा? जुन्या पुस्तकांवर भागेल का? क्लास लावल्याशिवाय खरेच जमत नाही का?

सरावप्रश्नांनी नेमके काय साधते, यावर शिक्षक, परीक्षा घेणाऱ्या संस्था, क्लासचालक आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यात बऱ्याच काळापासून मतभेद आहेत. त्यातले काही संशोधनाने बरेचसे मिटले आहेत, काही अजून खुले आहेत. हा वाद आज कुठे येऊन पोचला आहे ते क्रमाने पाहू. नजरेसमोर कॅट, जीमॅट आणि राज्याची एमबीए-सीईटी या तीन परीक्षा मुख्यतः ठेवल्या आहेत.

1. पार्श्वभूमी

स्पर्धापरीक्षेसाठी ठरावीक साच्याचे प्रश्न घोटून घेण्याची पद्धत व्यवस्थापनशास्त्राच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या इतिहासात दापोली तालुक्याचे नाव ठळक आहे. मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये संयुक्तपणे पहिले आले आणि सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय ठरले. त्या काळी ट्रायपॉसची तयारी मुख्यतः खासगी मार्गदर्शक करून घेत. एडवर्ड राउथ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर त्यांच्या हाताखालून गेले. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त गणिते सोडवण्याचा कसून सराव हेच त्या तयारीचे मर्म होते. या पद्धतीतून वेगवान गणिते सोडवणारे घडतात, गणितज्ञ घडतातच असे नाही, अशी टीका केंब्रिजमध्येच वाढत गेली. 1909 नंतर गुणानुक्रम जाहीर करणे बंद झाले. आज कॅटच्या मॉकवरून जी चर्चा होते, तिचा गाभा तेव्हाच मांडला गेला होता.

व्यवस्थापनाची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आली ती अमेरिकेत. 1953 मध्ये नऊ बिझनेस स्कूलांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि 1954 मध्ये पहिली परीक्षा झाली. 1976 पासून ती जीमॅट या नावाने ओळखली जाते. उमेदवाराने आधी काय पाठ केले आहे हे न तपासता त्याची विचार करण्याची क्षमता तपासायची, ही तिच्यामागची धारणा होती. ही धारणा पूर्ण खरी असेल, तर सरावाचा फारसा उपयोग होता कामा नये. पुढचा सारा वाद या एका अपेक्षेभोवती फिरतो.

भारतात अहमदाबाद आणि कलकत्ता इथल्या आयआयएम 1961 मध्ये सुरू झाल्या. मुंबईत 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था उभी राहिली. जागा थोड्या आणि इच्छुक भरपूर, अशी स्थिती झाल्यावर परीक्षांभोवती तयारीचा व्यवसाय वाढला. आयएमएस ही संस्था 1977 मध्ये मुंबईतच सुरू झाली. 1990च्या दशकात टाइम आणि करिअर लाँचर आल्या. घरपोच येणारे अभ्यासाचे गठ्ठे, रविवारचे मॉक आणि त्यानंतर लागणारी अखिल भारतीय क्रमवारी हे सारे या काळात रुळले.

प्रश्नांच्या गुप्ततेला सर्वांत मोठा धक्का बसला तो 2003 मध्ये. त्या वर्षीची कॅटची प्रश्नपत्रिका फुटली आणि फेब्रुवारी 2004 मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. 2009 मध्ये कॅट कागदावरून संगणकावर गेली. अनेक दिवस, अनेक सत्रे आणि प्रत्येक सत्राला वेगळे प्रश्न अशी रचना आली, आणि प्रश्न बाहेर न सांगण्याची अट उमेदवारांवर घातली गेली. कागदी काळात परीक्षेनंतर चर्चेला खुली असलेली प्रश्नपत्रिका काही वर्षांसाठी दिसेनाशी झाली. अलीकडे उमेदवाराला आपली उत्तरे आणि उत्तरतालिका पाहता येते, त्यामुळे गेल्या काही वर्षांचे कॅटचे खरे प्रश्न पुन्हा सरावाला मिळू लागले आहेत.

महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा 2015 मध्ये झाला आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, अस्तित्वात आला. एमबीए-सीईटी आता हा कक्ष घेतो. अलीकडे तिला दीड लाखाच्या आसपास नोंदणी होते. कॅटची नोंदणी 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी सव्वातीन लाखांच्या वर गेली होती.

2. परीक्षा काय मागतात

सरावाबद्दलचे बरेच गैरसमज सर्व परीक्षा एकाच माळेत ओवल्याने होतात. एमबीए-सीईटीची परिचित रचना 150 मिनिटांत 200 प्रश्नांची आहे, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये हे तिथले पहिले सूत्र. तर्क, आकृत्यांचे तर्क, गणित आणि इंग्रजी असे तिचे भाग आहेत आणि सर्वाधिक भार तर्कावर आहे.

कॅट 2020 पासून 120 मिनिटांची आहे. तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटे, आणि एका विभागातून दुसऱ्यात मनाप्रमाणे जाता येत नाही. 2024 मध्ये 68 प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटे. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीच्या पर्यायाला उणे 1. टंकून द्यायच्या उत्तरांना मात्र दंड नाही. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला, तर दीर्घकाळात मिळकत शून्य होते. चारपैकी एक बरोबर येऊन 3 गुण मिळतात, तीन चुकून 3 जातात. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की प्रत्येक अंदाजामागे सरासरी एक तृतीयांश गुण हाती लागतो. कुठला प्रश्न सोडायचा आणि कुठे धोका पत्करायचा, हे कॅटमध्ये स्वतंत्र कौशल्य आहे. सीईटीत त्याचा प्रश्नच येत नाही.

जीमॅटची सध्याची आवृत्ती नोव्हेंबर 2023 मध्ये आली. 45-45 मिनिटांचे तीन विभाग आणि एकूण 64 प्रश्न. आधीच्या उत्तरांवरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. प्रत्येक विभागात तीनपर्यंत उत्तरे मागे जाऊन बदलता येतात. या बदलात भूमिती आणि वाक्यदुरुस्ती हे जुने घटक वगळले गेले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात आणलेल्या जुन्या पुस्तकांचा बराच भाग त्यामुळे कालबाह्य झाला. हे माहीत नसलेला विद्यार्थी वाक्यदुरुस्तीवर महिनेच्या महिने घालवू शकतो.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. आयआयएममध्ये कॅट ही पहिली चाळणी असते. त्यापुढे मुलाखत, आधीचे गुण, अनुभव आणि शाखांची विविधता यांचे वजन धरले जाते. राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत बहुतेक सारी भिस्त पर्सेंटाइलवर असते. जिथे एकाच आकड्यावर सगळे ठरते, तिथे सरावाच्या साधनांमधली विषमताही थेट निकालात उतरू शकते.

3. नमुना प्रश्नांचे प्रकार

बाजारात ‘प्रॅक्टिस’ या एकाच नावाखाली किमान पाच प्रकारचा माल मिळतो.

पहिला प्रकार खऱ्या, निवृत्त प्रश्नांचा. जीमॅटची अधिकृत मार्गदर्शिका आणि कॅटच्या मागील प्रश्नपत्रिका यात येतात. हे प्रश्न हजारो उमेदवारांवर पारखले गेलेले असतात. जीमॅटमध्ये गुण न धरलेले काही प्रश्न मुद्दाम मिसळलेले असतात. त्यांवरची उत्तरे पाहून प्रश्न ठेवायचा की काढायचा हे ठरते.

दुसरा प्रकार अधिकृत मॉकचा. आयआयएमचे मॉक मुख्यतः पडद्याची, घड्याळाची आणि पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरची ओळख करून देते. जीमॅटच्या संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य मिळतात.

तिसरा प्रकार क्लासच्या टेस्ट सिरीजचा. संख्या भरपूर, विश्लेषण तपशीलवार आणि हजारो स्पर्धकांतले आपले स्थान कळते. गुणवत्ता मात्र विभागागणिक बदलते. गणिताचा चांगला प्रश्न बनवणे तुलनेने सोपे असते. उताऱ्यावरचा असा प्रश्न, ज्याचे एकच उत्तर निर्विवाद बरोबर आणि उरलेली तीन मोहात पाडणारी पण ठामपणे चूक असतील, तो बनवणे फार अवघड असते.

चौथा प्रकार आठवणीतून जुळवलेल्या प्रश्नांचा. सीईटीच्या तयारीत त्यांना मोठी मागणी असते. पेपर देऊन आलेल्यांच्या आठवणीतून साचा समजतो, पण आकडे आणि पर्याय हमखास इकडचे तिकडे होतात.

पाचवा आणि सर्वांत नवा प्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रश्नांचा. हवे तेवढे, हवे तेव्हा आणि जवळजवळ फुकट. त्याचा विचार पुढे केला आहे.

4. दोन प्रश्न जवळून

सरावाने नेमके काय बदलते, हे साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हर्णैच्या लिलावात पापलेटचा दर सकाळी 20 टक्क्यांनी चढला आणि दुपारी त्या चढलेल्या दरावर 20 टक्क्यांनी उतरला. मूळ दराच्या तुलनेत काय झाले? पर्याय असे: बदल नाही, 2 टक्के घट, 4 टक्के घट, 4 टक्के वाढ.

पहिल्यांदा पाहणारा ‘बदल नाही’ म्हणून मोकळा होतो. दर 500 रुपये धरला तर तो 600 होतो आणि 600च्या 20 टक्क्यांनी उतरून 480 वर येतो. घट 4 टक्के. असे पाच-सहा प्रश्न सोडवल्यावर विद्यार्थी 20चा वर्ग भागिले 100 हे सूत्र लावतो आणि दहा सेकंदांत पुढे जातो. सीईटीसाठी हा वेग बहुमोल आहे.

आता प्रश्न थोडा फिरवू. दर 20 टक्क्यांनी वाढला, तर विक्री किती टक्क्यांनी घटली तरी उत्पन्न तेवढेच राहील? इथे ते सूत्र चालत नाही. दर सहा पंचमांश झाला, म्हणून विक्री पाच षष्ठांश व्हायला हवी. उत्तर 16 पूर्णांक दोन तृतीयांश टक्के. ज्याला टक्केवारीचा पाया बदलतो हे उमगले आहे, तो दोन्ही प्रश्न सोडवतो. ज्याने फक्त सूत्र पाठ केले, तो दुसऱ्यावर अडतो. पहिल्या प्रश्नात मात्र दोघांचे गुण सारखेच.

दुसरा नमुना माहितीच्या पुरेपणाचा. एका दिवशी बांगडा आणि सुरमई विकून किती रुपये मिळाले? विधान एक: बांगडा सुरमईच्या तिप्पट वजनाचा होता. विधान दोन: एकूण वजन 80 किलो होते. दोन्ही एकत्र घेतल्यावर सुरमई 20 आणि बांगडा 60 किलो हे निघते, आणि काहीतरी हाती लागल्याच्या समाधानात बरेच जण ‘दोन्ही मिळून पुरेसे’ असे उत्तर देतात. दर कुठेच दिलेला नाही, म्हणून माहिती अपुरीच. इथे गणित कोणालाही जमते. विचारले काय आहे ते शेवटपर्यंत ध्यानात ठेवणे, ही यातली कसोटी. ही सवय प्रश्नांच्या संख्येने फारशी वाढत नाही. आपण का फसलो याचा छडा लावल्याने वाढते.

5. चार भूमिका

पहिली भूमिका सरावाच्या समर्थकांची. त्यांच्या मते प्रवेशपरीक्षा हा प्रसंगच वेगळा असतो. घड्याळ, पडदा, दडपण आणि सापळे यांची ओळख नसलेला हुशार विद्यार्थीही पहिल्या खेपेस गडबडतो. सरावाने त्याची खरी क्षमता दिसायला मदत होते, म्हणून सराव परीक्षेच्या न्याय्यतेला पूरकच आहे. नियमित मॉक देणाऱ्यांचे गुण चढत जातात, हा क्लासमधल्या शिक्षकांचा रोजचा अनुभव या बाजूने सांगितला जातो.

दुसरी भूमिका शंका घेणाऱ्यांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी 1970च्या दशकात मांडलेले तत्त्व त्यांच्या मुळाशी आहे: एखाद्या मापावर मोठे निर्णय अवलंबून ठेवले, की ते माप वाकवण्याचा दबाव वाढतो. शंका घेणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे पर्सेंटाइलची चढाओढ जितकी तीव्र, तितका अभ्यास साच्यांपुरता आकसतो. वाचन, लेखन आणि संवाद या व्यवस्थापकाला लागणाऱ्या गोष्टी मागे पडतात. राज्याच्या प्रवेशात मुलाखतीचे वजन उरले नसल्याने हा धोका वाढतो, असे त्यांना वाटते.

तिसरी भूमिका समान संधीची. सराव उपयोगी आहे हे या बाजूला मान्य आहे, म्हणूनच तो कोणाला परवडतो हा तिचा प्रश्न आहे. ठाणे-पुण्याच्या मुलाला क्लास, अभ्यासिका आणि सोबत तयारी करणारे मित्र मिळतात. किनाऱ्यावरच्या गावातल्या मुलीला या तिन्ही गोष्टी बहुधा मोबाइलवर शोधाव्या लागतात.

चौथी भूमिका परीक्षा घेणाऱ्या संस्थांची. पारखलेला प्रश्न बनवायला वेळ आणि पैसा लागतो. तो फुटला की वाया जातो, आणि ज्यांना आधी मिळाला त्यांना अन्याय्य फायदा होतो. जीमॅट घेणाऱ्या संस्थेने 2008 मध्ये चालू परीक्षेतले प्रश्न पुरवणाऱ्या स्कोअरटॉप या संकेतस्थळाविरुद्ध खटला जिंकला आणि काही परीक्षार्थींचे गुण रद्द केले. गुप्तता ही या संस्थांसाठी विश्वासार्हतेची अट आहे. त्यावर टीकाकारांचे उत्तर असे, की सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या परीक्षेत चूक पकडायची तर प्रश्न लोकांसमोर यायला हवेत. 27 एप्रिल 2025 च्या एमएचटी-सीईटी सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांत चुका आढळल्या आणि त्या सत्राची परीक्षा 5 मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. ही परीक्षा अभियांत्रिकीची असली, तरी घेणारा कक्ष तोच आहे आणि मुद्दाही तोच.

6. संशोधन काय सांगते

तीन गोष्टींवर बऱ्यापैकी एकवाक्यता आहे.

एक, सरावाने गुण वाढतात, पण जाहिरातीत दिसतात तेवढे नाहीत. हॉसक्नेक्ट आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये क्षमताचाचण्या पुन्हा देण्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरासरी वाढ प्रमाणित विचलनाच्या सुमारे पाव पट निघाली. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली किंवा मार्गदर्शनाची जोड असली, तर वाढ जास्त होती. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेबाबत पॉवर्स आणि रॉक यांना 1999 मध्ये क्लासचा वेगळा परिणाम 1600 पैकी साधारण 20 ते 30 गुणांचाच दिसला. त्याआधी 1981 मध्ये मेसिक आणि युंगेब्लुट यांनी दाखवले होते, की तयारीचे तास वाढत गेले तशी प्रत्येक जादा तासामागची वाढ कमी होत जाते. स्पर्धा अटीतटीची असते तिथे मात्र ही थोडी वाढही निर्णायक ठरू शकते. पर्सेंटाइलच्या वरच्या टोकाला दोन-चार प्रश्नांनी संस्था बदलते.

दोन, प्रश्न सोडवणे हे स्वतःच शिकणे आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के.

तीन, सराव कसा मांडला यावर बरेच अवलंबून असते. रोहरर आणि टेलर यांनी 2007 मध्ये घनफळाची उदाहरणे एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ करून. सरावाच्या वेळी प्रकारवार गट पुष्कळ सरस वाटला. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत सरमिसळ गटाने 63 टक्के आणि प्रकारवार गटाने 20 टक्के उदाहरणे बरोबर सोडवली. ‘आज टक्केवारी, उद्या काळ-काम-वेग’ अशी धडेवार पुस्तके सरावाच्या दिवशी समाधान देतात, पण परीक्षेत प्रश्नावर धड्याचे नाव लिहिलेले नसते.

परीक्षेच्या मूळ हेतूबद्दलही पुरावा आहे. कुन्सेल आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या आढाव्यात जीमॅटच्या गुणांवरून व्यवस्थापन अभ्यासक्रमातल्या कामगिरीचा अंदाज पदवीच्या गुणांपेक्षा चांगला बांधता आला, आणि दोन्ही एकत्र धरल्यावर आणखी चांगला. म्हणजे परीक्षा निरर्थक नाही. पण हे निष्कर्ष जीमॅटचे आहेत. ते जसेच्या तसे एमबीए-सीईटीला लावता येत नाहीत.

7. किनाऱ्यावरून पाहताना

दापोली परिसरात परीक्षेसाठी पायपीट करण्याची आठवण जुनी आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आज रस्ते आहेत, एसटी आहे, खेडला कोकण रेल्वे आहे. तरी संगणकीय परीक्षेसाठी रत्नागिरी केंद्र मिळाले, तर बुरोंडीहून शंभरावर किलोमीटर जावे लागते. सकाळच्या सत्रासाठी आदल्या दिवशीच निघणे भाग पडते. मॉकमध्ये ताजेतवाने बसून मिळालेले गुण अशा प्रवासानंतर टिकतात का, हे घरी बसून कळत नाही.

दुसरा मुद्दा साधनांचा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या गावांतली वीज दीर्घकाळ गेली, आणि तयारीचा सारा व्यवहार ऑनलाइन गेला तो त्याच वर्षी. मोबाइलवर प्रश्न सोडवता येतात, पण मोठ्या पडद्यावर तक्ता आणि आलेख वाचत सलग दोन-अडीच तास बसण्याची सवय मोबाइलवर लागत नाही. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात महिन्यातून दोनदा पूर्ण वेळेची चाचणी घेता आली, तर हा फरक थोड्या खर्चात भरून निघू शकतो.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि तो सर्वांत खोल आहे. सीईटी आणि कॅट दोन्ही इंग्रजीत होतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला बैठकव्यवस्थेचे कोडे जमते, पण अटींचे वाक्य दोनदा वाचावे लागते, आणि 45 सेकंदांतले पंधरा तिथेच जातात. असाच वाद केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सी-सॅटवरून 2014 मध्ये पेटला होता. पुढच्या वर्षी तो पेपर केवळ पात्रतेपुरता झाला, आणि एमपीएससीनेही नंतर तोच मार्ग धरला. व्यवस्थापनाच्या बाबतीत एका बाजूचे म्हणणे असे, की पुढचा अभ्यासक्रम आणि नोकरी इंग्रजीतच असल्याने इंग्रजी तपासणे योग्य आहे. दुसरी बाजू म्हणते, इंग्रजीच्या विभागात इंग्रजी तपासा, पण तर्काच्या प्रश्नात भाषेचा अडसर कशाला?

याच ठिकाणी एक अनुकूल बाबही आहे. मराठीत स्पर्धापरीक्षांसाठी अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणीची विपुल पुस्तके आहेत. बँकभरतीचे तर्काचे प्रश्न आणि सीईटीचे तर्काचे प्रश्न यांचे साचे बरेच जुळतात. तालुक्याच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे जे साहित्य असते, त्यातून सीईटीच्या सर्वांत मोठ्या विभागाची पायाभरणी होऊ शकते. संकल्पना मराठीत पक्की करायची आणि मग तोच साचा इंग्रजी प्रश्नांत सोडवायचा, हा क्रम अनेक शिक्षक सुचवतात. कृषी पदवीधरांना कॅटचा रस्ताही जवळचा आहे. अहमदाबादच्या आयआयएममधला अन्न व कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम कॅटमधूनच गाठता येतो.

8. अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा. ती प्रश्न बनवते आणि स्पष्टीकरण मराठीतही देते. गावातल्या विद्यार्थ्याला हे वरदान ठरू शकते. पण तिने दिलेली उत्तरतालिका चुकू शकते, आणि प्रश्नाची काठिण्यपातळी माणसांवर पारखल्याशिवाय कळत नाही. ज्याला बरोबर-चूक ओळखता येते त्यालाच तिचा पुरता फायदा होईल, की ज्याला मदतीची जास्त गरज आहे त्यालाही होईल, हे अजून ठरायचे आहे.

दुसरा प्रश्न अनेक सत्रांचा. वेगवेगळ्या सत्रांचे प्रश्न वेगळे असल्याने सीईटीत सत्रनिहाय पर्सेंटाइल काढले जाते. सत्रांमधले विद्यार्थी सरासरीने सारखे आहेत, हे त्यात गृहीत धरलेले असते. ते प्रत्येक वेळी कितपत खरे, याबद्दल पालक-विद्यार्थ्यांच्या मनात शंका आहे. मार्च 2023 च्या एमबीए-सीईटीत तांत्रिक अडचणी आल्या आणि काहींची फेरपरीक्षा झाली, तेव्हा ही शंका आणखी बळावली.

तिसरा प्रश्न दोन संधींचा. एमबीए-सीईटी 2026 पासून वर्षातून दोनदा घेण्याचे राज्य सरकारने जाहीर केले. एका वाईट दिवसाने वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू स्वागतार्ह आहे. पण परीक्षा पुन्हा देण्यानेच गुण वाढतात हे वर पाहिले. दुसऱ्यांदा शुल्क आणि प्रवासखर्च ज्यांना झेपेल त्यांचा फायदा किती वाढतो, हे पुढच्या काही निकालांवरून तपासावे लागेल.

चौथा प्रश्न आपल्याकडच्या पुराव्याचा. वर दिलेले बहुतेक अभ्यास परदेशी विद्यार्थ्यांवरचे आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या पदवीधराला इंग्रजी तर्कप्रश्नांच्या सरावाने किती आणि कोणत्या वेगाने फायदा होतो, यावर कुठलाही निर्णय बेतायचा तर त्याच विद्यार्थ्यांवरचा अभ्यास हवा. सत्रनिहाय माहिती सीईटी सेलकडे असते, विद्यापीठांकडे संशोधक असतात. दोघे एकत्र आले तर हा अभ्यास अवघड नाही.

9. समारोप

परीक्षेची ओळख करून देणारा सराव प्रत्येकाला मिळायला हवा, यावर चारही भूमिकांचे लोक सहमत होऊ शकतात. त्यासाठी दोन-चार पूर्ण, खऱ्यासारखे मॉक पुरतात. समज वाढवणारा सराव वेळ घेतो. त्यात प्रश्नांची सरमिसळ लागते आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराचे कारण लिहून ठेवण्याची शिस्त लागते. निव्वळ साचे घोटण्याचा सराव ठरावीक मर्यादेपर्यंत गुण देतो आणि पुढे थांबतो. खरा मतभेद उरतो तो या तिसऱ्या प्रकाराला परीक्षेने किती वाव द्यावा यावर, आणि तो प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हातात आहे. वर पाहिलेला पापलेटचा फिरवलेला प्रश्न जितक्या वेळा परीक्षेत येईल, तितकी पाठांतराची किंमत उतरेल.

साधनांच्या विषमतेवर मात्र सार्वजनिक उपाय शक्य आहे. सीईटीचे जुने प्रश्न इंग्रजीत आणि त्यांची स्पष्टीकरणे मराठीतही, विनामूल्य आणि एकाच जागी उपलब्ध झाली, तर गुप्ततेला धक्का लागत नाही, कारण ते प्रश्न वापरून झालेले असतात. तोवर बुरोंडीच्या विद्यार्थिनीला एवढे खात्रीने सांगता येते: आधी परीक्षा निवड, तिच्या सध्याच्या रचनेचे खरे प्रश्न मिळव, थोडे सोडव पण प्रत्येक चूक शेवटपर्यंत तपास, आणि पूर्ण वेळेची चाचणी संगणकावरच दे. आजचा पुरावा या सल्ल्याच्या बाजूने आहे.